फरशीवर वाढणारी नखे

पाळीव प्राण्याचे नख रोज थोडे थोडे वाढतच असते. अडचण त्याच्या वाढण्याची नसते, न झिजण्याची असते. पालघरहून मनोरकडे जाताना रस्त्याच्या आत जे पाडे लागतात, तिथला कुत्रा दिवसभर मुरमाच्या पायवाटा, ओढ्यातले गोटे आणि भातखाचरांचे बांध तुडवत असतो. त्याची नखे कुणी कापत नाही. कुत्र्याची नखे कापायची असतात हे सांगितले तर तिथले लोक हसतील. सातपाटीच्या कोळीवाड्यातले मांजर होडीच्या लाकडावर आणि बोंबील वाळत घातलेल्या बांबूंवर पंजे ओढते, आणि नखांवरची जुनी सालपटे तिथेच टाकून जाते. तोच कुत्रा, तेच मांजर बोईसरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले की पायाखाली गुळगुळीत विट्रिफाइड फरशी येते. तिच्यावर नख घासत नाही, नुसते घसरते. काही आठवड्यांत चालताना टकटक आवाज येऊ लागतो, आणि घरच्यांना वाटते की जनावराने काही नवीन खोड धरली.

या भागात हा बदल फार झपाट्याने झाला. तारापूर अणुवीज केंद्राच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ च्या ऑक्टोबरात व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागल्या, पाठोपाठ औद्योगिक वसाहत वाढली, देशभरातून नोकरदार आले, आणि कौलारू घरांच्या शेजारी चाळी, मग इमारती उभ्या राहिल्या. शेणाने सारवलेले अंगण गेले. माणसांना त्याची सवय झाली. जनावरांच्या पंजांना झाली नाही. नखे कापण्याचे काम म्हणजे या बदलाची एक छोटी किंमत आहे, आणि ती दर दोन-तीन आठवड्यांनी चुकती करावी लागते.

नख म्हणजे बोटाच्या शेवटच्या हाडावर बसलेले केराटिनचे टोपण. बाहेरचे कवच निर्जीव असते. आत जिव्हाळी असते, म्हणजे रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असलेला नाजूक, जिवंत भाग. टोक कापले तर जनावराला काहीच कळत नाही. कात्री जिव्हाळीला लागली तर मात्र कळ थेट मस्तकात जाते, रक्त वाहते, आणि त्याहून वाईट म्हणजे ती आठवण राहते. पुढच्या वेळी कात्रीचा डबा उघडताच जनावर कपाटामागे जाऊन बसते. फार दिवस नख न कापल्यास जिव्हाळीही नखाबरोबर पुढे सरकत जाते. मग एकदम आखूड कापणे शक्यच राहत नाही. अशा वेळी दर आठवड्याला अगदी टोकाचा कण कापत राहिले की जिव्हाळी हळूहळू मागे हटते.

वाढलेल्या नखाचा त्रास दिसण्यापुरता नसतो. कुत्र्याचे नख जमिनीला टेकू लागले की प्रत्येक पावलाला बोट मागे रेटले जाते. ते टाळण्यासाठी जनावर वजन मागच्या भागावर घेते, चाल बिघडते, सांध्यांवर ताण येतो. पडद्यात, गोधडीत, मच्छरदाणीत नख अडकते आणि घाबरून ओढताना मुळापासून उचकटते. म्हाताऱ्या मांजरांची नखे जाड होतात आणि गोल वळून पंजाच्या गादीत रुततात. मांजर लंगडू लागेपर्यंत ते कुणाला दिसत नाही. मांजराला सर्वसाधारणपणे अठरा नखे असतात, पुढच्या पंजाला पाच आणि मागच्या पंजाला चार. कुत्र्याचेही तसेच, मात्र काही कुत्र्यांना मागच्या पायांनाही अंगठा असतो. अशा विसनखी कुत्र्याला खेड्यापाड्यांत फार भाव असतो, तो शूर निघतो असे मानतात. शौर्याचे काय ते असो. हा अंगठा जमिनीला कधीच टेकत नाही, त्यामुळे पाड्यावरच्या कुत्र्याचेसुद्धा ते नख झिजत नाही. मातीत वाढलेल्या कुत्र्याचेही कुठले नख तपासायचे असेल, तर ते हेच.

खूर हाही नखाचाच भाऊबंद, आणि खुरांच्या बाबतीत या मुलखाचे ज्ञान जुने आहे. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात डांगी जातीचे बैल असतात. त्यांची खुरे काळी आणि गारगोटीसारखी टणक असतात. चार महिने चिखलात उभे राहून काम करायचे तर मऊ खुराचा बैल टिकणार नाही. भाताच्या चिखलणीला जुंपलेल्या बैलाला नाल लागत नाही. गाडीच्या बैलाला मात्र रस्ता खुरे खातो, म्हणून नालबंदाकडे न्यावे लागायचे. बैलाचे खूर दुभंगलेले, म्हणून एका पायाला दोन पत्र्या, चार पायांना आठ. नाल ठोकण्यासाठी बैलाला दोर टाकून आडवा पाडत, चारही पाय एकत्र बांधत आणि एक माणूस शिंगांपाशी बसून राही. काम चोख होई, पण बैलाच्या मनाचा विचार त्यात नसे. चारशे किलोंच्या जनावरासमोर नालबंदाला दुसरा मार्गही नव्हता. फ्लॅटमधल्या चार किलोंच्या मांजरासाठी घरातले तिघे जण हीच पद्धत वापरतात, तेव्हा तिचे समर्थन करता येत नाही.

शेळीची खुरे पावसाळ्यात हमखास वाढतात. जमीन मऊ, चरायला जाणे कमी, गोठ्यात ओल. वाढलेली कड आत दुमडते, तिच्या खाली शेण आणि पाणी साचते आणि खूर कुजू लागते. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर दुमडलेली कड धारदार सुरीने छाटली तर हा रोग बराचसा टळतो. पालघर जिल्ह्याच्या पावसात हे काम विसरण्यासारखे नाही.

आता फेरेटकडे वळायला हरकत नाही, कारण नखांच्या या प्रश्नाचे सगळ्यात नेमके रूप त्याच्यात दिसते. फेरेट म्हणजे युरोपातल्या पोलकॅट नावाच्या रानटी प्राण्यापासून माणसाने पाळीव केलेला, लांबुळका, आखूड पायांचा, एक-दीड किलोचा मांसाहारी प्राणी. पाणमांजर त्याच्याच कुळातले. दिसायला तो आपल्या मुंगसाची आठवण करून देतो, पण मुंगूस वेगळ्या कुळातले. भारतात फेरेट रानात कुठेही नाही. मोबाइलवरच्या चित्रफितींतून मात्र तो पार बोईसरपर्यंत पोहोचला आहे, आणि असा प्राणी मिळेल का अशी विचारणा करणारी तरुण मंडळी शहरोशहरी आहेत.

फेरेट माणसाजवळ आला तो मुळी बिळातल्या शिकारीसाठी. ग्रीक भूगोलकार स्ट्रेबो याने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी स्पेनमधल्या सशांच्या उपद्रवाचे वर्णन केले आहे. ससे पिके आणि झाडांची मुळे खाऊन टाकत. लोक लिबियातून आणलेल्या मुंगसासारख्या प्राण्यांची तोंडे बांधत आणि त्यांना बिळांत सोडत. तोंड बांधलेले असल्यामुळे ते सशाला खाऊ शकत नसत, नखांनी ओढून बाहेर काढत किंवा बाहेर पळायला लावत. हे प्राणी फेरेटच असावेत असे मानले जाते. बिळात शिरण्याची ही हौस पुढे फार वेगळ्या जागी कामी आली. १९७१ साली अमेरिकेत इलिनॉय राज्यात फर्मीलॅब या नावाने पुढे प्रसिद्ध झालेली कणभौतिकीची प्रयोगशाळा उभी राहत होती. तिथल्या लांबच लांब निर्वात नळ्यांमध्ये राहिलेला धातूचा कीस साफ करायला फेलिसिया नावाची फेरेट मादी आणली होती. गळपट्ट्याला दोरी बांधून ती नळीच्या एका तोंडातून शिरायची आणि दुसऱ्या तोंडातून बाहेर यायची. मग त्या दोरीने सफाईचा बोळा ओढून घेत. तीनशे फुटांच्या नळ्या तिने केल्या, पण मुख्य वर्तुळाच्या कित्येक मैलांच्या नळीत शिरायला तिने साफ नकार दिला. अमेरिकन तंत्रज्ञानावर उभी राहिलेली तारापूरची अणुभट्टी तेव्हा जेमतेम दोन वर्षांची होती. तिथे असला कामगार कुणी नेमला नाही, हे त्या प्राण्याच्या दृष्टीने बरेच झाले.

बरे झाले म्हणायचे कारण हवामान. फेरेटला घाम येऊन अंग थंड करण्याची सोय जवळजवळ नाही. तापमान २७-२८ अंशांच्या वर गेले की तो अस्वस्थ होतो, तिशीच्या पुढे उष्माघाताने मरू शकतो. पालघरच्या किनारपट्टीवर एप्रिल-मे महिन्यांत दुपारचा पारा बत्तीस-तेहेतिसाला असतो आणि हवेतला दमटपणा वेगळाच. चोवीस तास वातानुकूलित खोली आणि वीज गेल्यावरची पर्यायी सोय असल्याशिवाय इथे फेरेट ठेवणे म्हणजे त्याला भट्टीत ठेवणे. फेरेट मिळत नाही म्हणून मुंगूस किंवा उदमांजराचे पिल्लू घरी आणणे हा त्याहून वाईट उपाय, आणि गुन्हाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे हे दोन्ही प्राणी संरक्षित आहेत. पिंजऱ्यातला हिरवा पोपटही त्याच कायद्याखाली येतो, जरी अनेक घरांच्या ओटीवर तो अजून टांगलेला दिसतो.

तरीही नखे कापण्याचा धडा फेरेटकडूनच घ्यावा, कारण त्याची नखे कापण्याची रीत जगभरच्या पाळणाऱ्यांनी वर्षानुवर्षे घासूनपुसून साधी केली आहे. त्याच्या चारही पंजांना पाच-पाच, अशी वीस नखे. मांजरासारखी ती आत ओढली जात नाहीत. पुढची नखे बिळे खोदण्यासाठी घडलेली, म्हणून झपाट्याने वाढतात, मागची सावकाश. बिळाऐवजी कापडी झुला आणि मातीऐवजी रजई मिळाली की ही नखे कापडात अडकतात. म्हणून दर दोन आठवड्यांनी ती कापावी लागतात. रंगाने फिकट आणि पारदर्शक असल्यामुळे आतली गुलाबी जिव्हाळी दिसते, ही त्यातली सोय.

रीत अशी. फेरेट दिवसाचे चौदा-सोळा तास झोपतो. झोपेतून उठून खेळून दमलेला, पुन्हा पेंगुळलेला असेल ती वेळ निवडतात. त्याला मांडीवर उताणा ठेवतात आणि पोटावरच्या केसांवर माशाच्या तेलाचे दोन-चार थेंब टाकतात. तो मान वाकवून तेल चाटू लागतो, चारही पाय वर मोकळे राहतात, आणि चाटण्यात तो इतका गुंग होतो की कात्रीकडे त्याचे लक्ष जात नाही. तेल संपायच्या आत चार-पाच नखे होतात. बाकीची उद्या. साखर, गूळ, केळे असले गोड पदार्थ त्याला आमिष म्हणून कधीच द्यायचे नाहीत. तो निव्वळ मांसाहारी, आणि स्वादुपिंडाच्या गाठीचा रोग या प्राण्यात फार आढळतो. ज्याला सर्दी-ताप आहे त्याने त्या दिवशी हे काम करू नये. माणसाचा इन्फ्लुएन्झा फेरेटला होतो. १९३३ साली लंडनमधल्या संशोधकांनी हा विषाणू पहिल्यांदा वेगळा काढला तो फेरेटच्याच मदतीने.

दुसरी एक रीत आहे, ती मानगुटीला धरण्याची. मानेमागची सैल कातडी पकडून उचलले की बहुतेक फेरेट अंग सैल सोडतात आणि जांभई देतात. आई पिल्लांना तोंडात धरून नेते तेव्हा पिल्लांनी वळवळ करू नये म्हणून निसर्गाने ठेवलेली ही खूण. औषध देताना, लस टोचताना ती कधी उपयोगी पडते, पण खालून अंगाला हाताचा आधार हवा. नेमक्या याच ठिकाणी घरोघरी गल्लत होते. जनावर हालत नाही म्हणजे ते शांत आहे, असे नाही. सशाला उताणे केले की तो दगडासारखा निपचित पडतो; पाहणाऱ्याला वाटते त्याला झोप आली. प्रत्यक्षात शिकाऱ्याच्या तावडीत सापडल्यावर मेल्याचे सोंग घेण्याची ती प्रतिक्रिया असते, आणि आत काळीज धडधडत असते. त्याच स्थितीत भानावर येऊन सशाने मागचे पाय झाडले तर स्वतःचाच कणा मोडू शकतो. पालघरच्या घरांत ससे पाळणारे बरेच आहेत. सशाला मांडीवर किंवा जमिनीवर पोटाशी धरून बसावे, मागच्या भागाला आधार द्यावा, आणि एक-एक पंजा हलकेच पुढे घ्यावा. मोठ्या मांजराला मानगूट धरून लटकावणे तर सोडूनच द्यावे. पिल्लूपण संपले की त्या पकडीत आईची माया उरत नाही.

तणाव कशाने येतो हे कळले की तो टाळणे अवघड नाही. पहिले कारण घाई. बोईसर-तारापूरच्या घरांत आयुष्य पाळीवर चालते. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी. डबा भरायच्या आणि बस गाठायच्या मधल्या दहा मिनिटांत मांजराची नखे कापायला घेतली तर दोघांच्याही अंगावर ओरखडे येणारच. उलट रात्रपाळीचा माणूस दुपारी घरी असतो, आणि मांजरांची गाढ झोपेची वेळ तीच. या कामाला त्याच्याइतका योग्य माणूस घरात दुसरा नाही. फटाके वाजत असतील, घरात पाहुणे असतील, तर तो दिवस सोडावा. डहाणू-तलासरीकडे, धुंदलवाडी परिसरात नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे लहान-मोठे धक्के बसत आले आहेत; तिथल्या घरांना अशा दिवशी जनावरे कशी बिथरतात हे वेगळे सांगायला नको.

दुसरे कारण अनोळखी स्पर्श. डोके आणि पाठ कुरवाळणारे हात रोज असतात, पंजाला मात्र वर्षात चार वेळा हात लागतो आणि तोही कात्रीसकट. म्हणून कात्री हातात घेण्याच्या आधी आठवडाभर नुसता पंजा हातात घ्यावा, सोडून द्यावा, एखादा घास द्यावा. मग बोट हलके दाबून नख बाहेर येऊ द्यावे, पुन्हा सोडावे. मांजराचे नख लवचीक अस्थिबंधाने आत ओढलेले असते. बोटाच्या वर-खाली चिमटीने दाब दिला की ते अलगद बाहेर येते. कात्री शेजारी ठेवून तिचा वास घेऊ द्यावा. कापण्याचा ‘कट्’ असा आवाज अनेकांना घाबरवतो. त्यासाठी खराट्याची काडी घेऊन तिचे तुकडे जनावराजवळ बसून कापावेत आणि प्रत्येक आवाजानंतर घास द्यावा. घास म्हणून मांजराला मीठ न घालता उकडलेल्या माशाचा काटे काढलेला तुकडा पुरतो. बोईसरच्या बाजारातून आणलेल्या मासळीतला एक छोटा तुकडा बाजूला ठेवला की काम भागते. दुकानातल्या महागड्या खाऊची गरज नसते.

हत्यारे फार लागत नाहीत. मांजर, फेरेट आणि सशासाठी लहान कात्रीसारखा नेलकटर चांगला. माणसाचा नेलकटरही चालतो, मात्र तो आडवा न धरता बाजूने धरावा, म्हणजे नख चेपून फुटत नाही. मोठ्या कुत्र्याला मजबूत कटर हवा. धार महत्त्वाची, बोथट कटर नख कापत नाही, चिरडतो. बसण्यासाठी खिडकीजवळचा उजेड आणि खाली गोणपाट किंवा जाड सतरंजी, पाय घसरणार नाही अशी.

मांजर फार हात-पाय मारत असेल तर त्याला पंच्यात सैलसर गुंडाळून एकच पंजा बाहेर ठेवावा. पंचा आवळला तर त्याचा उपयोग उलटा होतो. कुत्रा उभा किंवा कुशीवर निजलेला बरा. कापताना नखाचे फक्त वळलेले टोक घ्यावे आणि जिव्हाळीच्या आधी दोन मिलिमीटर थांबावे. काळ्या नखाच्या कुत्र्यात जिव्हाळी दिसत नाही. तिथे अगदी पातळ चकत्या कापत जावे. कापलेल्या पृष्ठभागाच्या मधोमध करडा-काळसर ठिपका दिसू लागला की थांबावे, जिव्हाळी तिथून जवळ असते. हात पुढे सरकत असताना डोळे मात्र जनावराच्या चेहऱ्यावर हवेत. मांजराचे कान मागे चिकटले, शेपटी आपटू लागली, कुत्रा पुन्हा पुन्हा ओठ चाटू लागला, विनाकारण जांभया देऊ लागला, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवू लागला किंवा फेरेटची शेपटी बाटली धुण्याच्या ब्रशासारखी फुलली, तर काम तिथेच संपले. एका बैठकीत दोनच नखे झाली तरी ती पुरेशी. अठरा नखे एका दमात झाली पाहिजेत असा नियम कुणी केलेला नाही, पण बहुतेक घरांत तो पाळला जातो आणि सगळे बिघडते तिथूनच.

इतके सांभाळूनही कधी जिव्हाळी लागते. अशा वेळी आरडाओरडा न करता स्वच्छ कापूस टोकावर तीन-चार मिनिटे सलग दाबून धरावा. मधेच उघडून पाहू नये. रक्त थांबत नसेल तर मक्याचे पीठ किंवा तुरटीची बारीक पूड टोकावर दाबावी. न्हाव्याच्या दुकानातली तुरटी शतकानुशतके हेच काम करत आली आहे. मात्र ती झोंबते, म्हणून मक्याच्या पिठाचा मान पहिला. हळद लावण्याची घरगुती सवय आहे, पण रक्त थांबते ते मुख्यतः दाबाने. पावसाळ्यात जखमी पंजा ओल्या रस्त्यावर नेऊ नये, आणि एरवीही बाहेरून आल्यावर बोटांच्या मधली ओल पुसावी. तिथे बुरशी चटकन धरते.

कापण्याचे काम कमी करायचे असेल तर घरात झिजण्याची सोय करावी. लाकडाच्या ओंडक्याला काथ्याची दोरी घट्ट गुंडाळून तो उभा केला की मांजर सोफा सोडते. मासेमारीच्या गावांत अशा दोरीला तोटा नाही. काथ्याची पायपुसणी किंवा भिंतीला टांगलेले गोणपाटही चालते. कुत्र्याला गॅलरीत खडबडीत शहाबादी फरशीचा तुकडा आणि रोज डांबरी किंवा मुरमाच्या वाटेवरचा फेरफटका मिळाला की मधल्या बोटांची नखे बरीचशी आपोआप राहतात; अंगठा तेवढा कापावा लागतो. नखे मुळासकट काढून टाकण्याचा विचार कुणी सुचवला तर तो ऐकूही नये. त्यात नख जात नाही, बोटाचे शेवटचे हाड छाटले जाते. न्यूयॉर्क राज्याने २०१९ मध्ये मांजरांवरच्या या शस्त्रक्रियेवर बंदी घातली. आपल्याकडे प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० पासून आहे आणि प्राण्याचे अंग छाटणे त्यात गुन्हा ठरते.

नख गादीत रुतले असेल, मुळाशी फुटले असेल, पू दिसत असेल किंवा जनावर पंजाला हातच लावू देत नसेल, तर पशुवैद्याकडे जावे. परळला प्राण्यांचे जुने रुग्णालय आहे आणि १८८६ साली सुरू झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालयही, पण नखांसाठी मांजराची टोपली घेऊन डहाणू लोकलच्या गर्दीत शिरणे म्हणजे तणाव वाचवायला निघून तो दुप्पट करणे. साध्या नखासाठी जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना पुरतो. एकदा समोर बसून कापण्याची पद्धत पाहून घेतली तर पुढच्या फेऱ्या वाचतात.

राहता राहिला माणसाचा ओरखडा. कुत्र्या-मांजराच्या दाताइतकाच नखाचा ओरखडाही रेबीजच्या हिशेबात धरला जातो, रक्त आले नसले तरी. जनावर बाहेर फिरणारे असेल किंवा त्याची लस चुकली असेल, तर हळद किंवा चुना लावत बसू नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. रेबीजची लस सरकारी रुग्णालयांत मोफत मिळते.